सात गुरुवारांचा सिनेमा

आमचा सिनेमा सहा मिनिटे चाळीस सेकंदांचा आहे. तो करायला सात गुरुवार लागले. गुरुवारच का, हे पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यातल्या वाचकांना सांगायला नको. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, की आमच्याकडे बहुतेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. वीज सगळ्यांना पुरावी म्हणून एकेका भागाला एकेक वार वाटून दिला होता, तेव्हा आमच्या वाट्याला गुरुवार आला आणि तोच अंगवळणी पडला. त्यामुळे पोरांची शाळा रविवारी बंद आणि बापाची कंपनी गुरुवारी. एका घरातली चार माणसे एका ताटाभोवती बसतात ती फक्त दिवाळीला. असो.

सिनेमा करावा हे माझ्या मनात आले ते एका मोबाईलमुळे. मी मशीन शॉपमध्ये कामाला. माझे शिक्षण आयटीआय. कॅमेरा कधी हातात धरला नव्हता. पण नागराज मंजुळे यांची ‘पिस्तुल्या’ ही छोटी फिल्म मी रात्रपाळीच्या जेवणाच्या सुट्टीत मित्राच्या मोबाईलवर पाहिली. शाळेत जाऊ पाहणाऱ्या एका पोराची गोष्ट. करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या या माणसाने ती नगरच्या कॉलेजात शिकत असताना केली आणि पुढे तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नंतर २०१४ साली ‘फँड्री’ थिएटरात लागला, तो आम्ही वस्तीतली अकरा माणसे मिळून पाहून आलो. शाळेच्या भिंतीवर बाबासाहेबांचे आणि फुल्यांचे चित्र, आणि त्यासमोरून डुक्कर बांधून नेणारे कुटुंब. परत येताना बसमध्ये कोणी फारसे बोलले नाही. मला मात्र सारखे वाटत होते, की अशी एक भिंत माझ्याकडेही आहे.

ती गोष्ट सांगतो. २०११ साली मी ट्रेनी म्हणून चाकणच्या बाजूला लागलो. आधी दुचाकींचा मोठा कारखाना, मग २००९ मध्ये जर्मन मोटारींचा, असे कारखाने तिकडे येत गेले आणि आजूबाजूच्या वाड्यांत शेतकऱ्यांनी बांधाला बांध लावून खोल्या काढल्या. दहा बाय दहाची खोली, वर पत्रा, पाच खोल्यांत एक नळ. पिंपरीहून रोज जाणे-येणे पाळीच्या वेळेला जमत नव्हते, म्हणून मी आणि सातारकडचा एक जोडीदार अशी दोघांनी खोली बघायला सुरुवात केली. भाडे, डिपॉझिट हे सगळे नंतर. आधी प्रश्न यायचा, “आडनाव काय?”

आमचे आडनाव असे आहे, की ते आमच्यातही आहे आणि मराठ्यांतही आहे. त्यामुळे पहिल्या प्रश्नातून मी पार व्हायचो. मग दुसरा प्रश्न यायचा, “पाहुणे कुठले तुमचे?” ज्यांना हा प्रश्न विचारला गेलेला नाही त्यांना तो साधा वाटेल. ज्यांना विचारला गेला आहे त्यांना त्यातली सुई माहीत आहे. दोन ठिकाणी मी खरे सांगितले. दोन्ही ठिकाणी “भावाचा मुलगा राहायला येणार आहे” असे उत्तर मिळाले. तिसऱ्या ठिकाणी मालकीणबाई स्वतःच म्हणाल्या, “म्हणजे आपल्यातलेच की,” आणि मी मान हलवली. खोटे बोललो नाही, फक्त मान हलवली. त्या मानेवर मी पाच वर्षे राहिलो. बाबासाहेबांचा फोटो पत्र्याच्या पेटीत, कपड्यांच्या खाली. चौदा एप्रिलला “गावाकडे लग्न आहे” म्हणून पिंपरीला यायचो. बाई तशा वाईट नव्हत्या. संक्रांतीला वाटीभर तिळगूळ आणून द्यायच्या. त्यानेच जास्त त्रास व्हायचा.

राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने १९५० साली अस्पृश्यता संपवली. पण पाहुणे कुठले हे विचारायला कोणत्या कलमाने बंदी घालणार? नकार देणारा कधी कारण सांगतच नाही. त्याचा पुराव्याचा कागद नसतो. म्हणूनच मला वाटले, की हे लिहून नव्हे तर दाखवून सांगावे. त्या बाईंच्या तोंडावरचा बदल कागदावर येत नाही.

पहिल्या गुरुवारी, ११ ऑक्टोबर २०१८ रोजी, आम्ही चौघे जमलो. मी, सातारकडचा तोच जोडीदार, माझे मेंटेनन्समध्ये असलेले दाजी आणि आठवीतली भाची. जोडीदाराकडे बरा मोबाईल होता, म्हणून त्याला घेतला. शिवाय गणपतीत त्याने नाटकांत काम केले होते. माझ्या वहीत सात पानांची गोष्ट होती. त्यात कंपनी होती, युनियन होती, गावची जत्रा होती, शेवटी नायकाचे दीड पानाचे भाषण होते. दाजींनी ते वाचले आणि विचारले, “एवढं सगळं कोण शूट करणार?” सात पानांतून शेवटी एक दार, एक मुलगा आणि एक मालकीणबाई एवढे उरले. मला त्याचे वाईट वाटले होते. आज वाटत नाही.

नवशिक्याने कमीत काय करावे, याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली इंग्लंडहून कॅमेरा आणला, तेव्हा सावकार पैसे द्यायला तयार नव्हते. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडे थोडे चित्रण करून त्याचा वेल कसा वाढतो हे पडद्यावर दाखवले. ते पाहून पैसे मिळाले आणि पुढच्या वर्षी ‘राजा हरिश्चंद्र’ झाला. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई घरात फिल्मला भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे करत. इतिहासात हे एका ओळीत येते. एवढ्या माणसांचे रांधून हे काम त्या कधी करत असतील, हे विचारणारा कोणी नसतो. आमच्याही सिनेमात सातही गुरुवारी चहा-पोहे कोणी केले, ते पुढे येईलच.

दुसऱ्या आठवड्यात दसरा गुरुवारीच आला. धम्मचक्र प्रवर्तन दिनी शूटिंग कसले? त्या दिवशी सगळे देहूरोडला गेलो. १९५४ साली बाबासाहेबांनी जिथे बुद्धमूर्ती बसवली, तिथे पिंपरीचा माणूस सणावाराला गेला नाही असे होत नाही. तो गुरुवार मी सातात धरलेला नाही.

मग दार शोधायला निघालो. चाकणच्या बाजूला जाऊन दोन घरमालकांना विचारले, की एक दिवस तुमच्या दारात सिनेमाचे काम करू द्या. एकाने हसून विचारले, “कोण तुम्ही? कुठले?” जोडीदार माझ्याकडे बघू लागला. मी म्हटले, चला परत. खोटी खोली मागायला गेलो तरी प्रश्न खराच यायचा.

शेवटी आमच्या पिंपरीच्या घराचेच दार ठरले. पण मालकीणबाईंच्या घरातली भिंत दारातून दिसणार, आणि आमच्या भिंतीवर मधोमध बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो. मी स्टुलावर चढून फोटो काढायला लागलो तेव्हा आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

“काय करतोयस?”

“आई, एका दिवसापुरतं. ते घर त्या बाईचं आहे ना.”

ती थोडा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “तिकडं होतास तेव्हा पेटीत ठेवलास. आता माझ्या घरातनं पण काढतोस व्हय?”

मी स्टुलावरच उभा. तिला पेटीचे माहीत होते हे मला माहीत नव्हते. एकदा ती खोलीवर आली होती, तेव्हा माझे कपडे धुवायला काढताना तिने तो पाहिला असणार. सात वर्षे ती बोलली नव्हती.

फोटो शेवटी तिनेच उतरवले, पदराने पुसले आणि आत गादीवर ठेवले, जमिनीवर नाही. भिंतीवर दोन पांढरट चौकोन राहिले. बाकीची भिंत धुराने पिवळी पडलेली. मोबाईलमध्ये ते चौकोन इतके स्वच्छ दिसत होते, की त्यावर कालनिर्णय लावावे लागले.

आता तांत्रिक गोष्टी सांगतो. आपल्या मुलांच्या हातात मोबाईल आहेत, त्यांना उपयोग होईल. पहिल्या दिवशी घरातली ट्यूब लावून चित्रण केले तर चित्रात काळसर पट्टे वरखाली सरकत होते. आम्हाला वाटले मोबाईल बिघडला. दाजींनी ओळखले. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० फेरे घेते, म्हणून ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळते. मोबाईलमध्ये असे ॲप घ्यायचे की ज्यात शटरचा वेग हाताने ठरवता येतो, आणि तो सेकंदाचा पन्नासावा भाग ठेवायचा. पट्टे गेले. मोटार दुरुस्त करणाऱ्या माणसाने सिनेमा दुरुस्त केला.

दुसरे म्हणजे उजेड. मोबाईल आपोआप उजेड कमी-जास्त करतो, त्यामुळे माणूस हलला की भिंतीचा रंग बदलतो. पडद्यावर बोट दाबून धरले की बहुतेक मोबाईलमध्ये तो उजेड कुलूपबंद होतो. सावलीच्या बाजूने पांढऱ्या थर्माकोलचा तुकडा धरला की चेहरा उजळतो. आमचा तुकडा जयंतीच्या देखाव्यातला होता. तिसरा आवाज. लांबून मोबाईलवर आवाज घेऊ नका, विहिरीतून बोलल्यासारखा येतो. दुसरा मोबाईल बोलणाऱ्याच्या खिशात ठेवून त्यात आवाज घ्या आणि सुरुवातीला टाळी वाजवा. मग चित्रातली टाळी आणि आवाजातली टाळी जुळवली की सगळे जुळते. टाळीचे खाते भाचीकडे होते. तिने एका गुरुवारी शाळा बुडवली, त्याचे बोलणे मला ताईकडून खावे लागले. आणि मोबाईल विमानाच्या खुणेवर ठेवायला विसरू नका. आमचा एक उत्तम प्रसंग सुपरवायझरच्या फोनने गेला. तो ओव्हरटाईमला बोलावत होता. ८ नोव्हेंबरचा गुरुवार पाडव्याच्या फटाक्यांनी गेला.

मालकीणबाईंच्या कामाला वस्तीतल्या दोघी बायका तयार झाल्या होत्या. एकीच्या घरी नको म्हणाले, दुसरी ऐनवेळी गावी गेली. मग आईला उभे केले. आई १९७२ च्या दुष्काळात लहानपणी पिंपरीला आली. पुढे तीस वर्षे प्राधिकरणातल्या बंगल्यांत धुणीभांडी केली. तिला वाक्य फक्त एकच होते: “पाहुणे कुठले तुमचे?”

ते तिला म्हणता येईना. पहिल्यांदा हसली. दुसऱ्यांदा इतके हळू म्हणाली की खिशातल्या मोबाईललाही ऐकू गेले नाही. तिसऱ्यांदा म्हणाली, “पाहुणे कुठले रे बाळा?” असे की जणू जेवायलाच वाढणार आहे. आम्ही थकलो. मी जरा चिडून म्हणालो, “आई, एवढं एक वाक्य आहे.”

“एकच हाय,” ती म्हणाली. “जलमभर ऐकलंय. तोंडातनं काढायचं म्हणजे येळ लागतो.”

मग ती उंबऱ्यावर बसली आणि जे आम्ही कधी ऐकले नव्हते ते तिने सांगितले. १९८३ साली माझे वडील भोसरीला हेल्पर म्हणून लागले, तेव्हा तीही खोली शोधत फिरली होती, पोटात माझी ताई असताना. एका दारात बाईने बसायला सतरंजी दिली, पाणी दिले, मग पाहुणे विचारले. उत्तर ऐकून ती काही बोलली नाही. फक्त आत जाऊन कोणाला तरी हाक मारून आली आणि येताना दार अर्धे लोटून उभी राहिली. “बोलत न्हाईत,” आई म्हणाली, “दार लोटत्यात.”

पुढच्या वेळी तिने वाक्य म्हटले. चढून नाही, रागाने नाही. हातातला तांदळाचा सूप हलवत, त्याच्याकडे न बघता, अगदी सहज म्हटले. आणि म्हणून झाल्यावर एक हात दारावर ठेवला. वहीत ते नव्हते. माझ्या अंगावर काटा आला. ती माझी आई नव्हती, ती ती बाई होती.

आता मुलाने उत्तर द्यायचे. दीड पानाच्या भाषणातली चार ओळी मी शिल्लक ठेवली होती. जोडीदार उभा राहिला आणि काही बोललाच नाही. अकरा सेकंद गेले. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. आईचा हात दारावर तसाच. मी थांबवले नाही. सिनेमात तेच आहे, शिट्टीसकट.

मी त्याला विचारले, वाक्य विसरलास का? तो नाही म्हणाला आणि उठून बाहेर गेला. तासाभराने वडापाव घेऊन आला. आई आत गेल्यावर म्हणाला, “त्या काकूंनी मला विचारलं होतं. तुझ्या मित्राचे पाहुणे कुठले म्हणून. मी म्हटलं, आपल्यातलाच आहे.”

“तुला माहीत नव्हतं म्हणून म्हणालास.”

“माहीत होतं. पेटी उघडताना तू माझ्याकडे पाठ करून बसायचास, लेका. पहिल्या महिन्यातच कळलं.”

“मग बोलला नाहीस?”

“तुला काढलं असतं तर सगळं भाडं माझ्यावर आलं असतं,” तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, “आणि तू का नाही बोललास? मला पण काकूंच्यात धरलंस?”

मला उत्तर देता आले नाही. भाडे हे खरे कारण होते की मला अवघड वाटू नये म्हणून तो तसे म्हणाला, हेही मी विचारले नाही. पाच वर्षे एका स्टोव्हवर स्वयंपाक केलेली दोन माणसे.

रात्री आईला हे सांगितले तर ती म्हणाली, “बाबासायबांनी पण सांगितलं न्हवतं का बडोद्याला पारशी नाव?” ही गोष्ट आपल्या सर्वांना पाठ आहे. परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांना १९१७ साली बडोद्यात राहायला जागा मिळेना, म्हणून ते पारशी नाव सांगून पारशांच्या धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन माणसे आली. त्यांना सामानासह बाहेर पडावे लागले आणि ते बागेत जाऊन बसले. आईने मला धीर द्यायला ते सांगितले हे मला कळत होते. पण बाबासाहेबांनी ते पुढे स्वतः लिहून ठेवले, नाव सांगितल्याचेही लिहिले, त्या वेळी आलेले रडूही लिहिले. मी तर मान हलवल्याचे आईलाही सांगितले नव्हते.

जोडणीचे काम मोबाईलवरच्या फुकट ॲपमध्ये केले. कोपऱ्यात त्या ॲपचे नाव सिनेमाभर दिसते, ते काढायचे पैसे पडतात. एकंदर खर्च दोन हजारांच्या आत आला, त्यात निम्मे खाण्यापिण्याचे. गाणे घातले नाही. सिनेमातले गाणे उचलून लावायला परवानगी लागते, आणि कुकरच्या शिट्टीवर गाणे चाललेही नसते.

३ जानेवारी २०१९ ला, सावित्रीमाईंच्या जयंतीला, विहारात दाखवला. तो दिवसही गुरुवारच निघाला. भाड्याचा प्रोजेक्टर, दोन चादरी शिवून पडदा. साठ-सत्तर माणसे होती, पोरे पुढे बसली होती. आई पडद्यावर आली तेव्हा शिट्ट्या वाजल्या, हशा झाला. तिने वाक्य म्हटले आणि दारावर हात ठेवला, तेव्हा पुढची पोरे हसतच होती, पण मागे बसलेल्या बायकांमधून एकदम “हं” असा आवाज आला. त्यांना दार ओळखू आले होते. अकरा सेकंद कोणी खोकलेही नाही. पोरेसुद्धा वळून मागे बघू लागली, की मोठी माणसे गप्प का झाली.

नंतर चहाच्या वेळी एक निवृत्त गृहस्थ माझ्यावर रागावले. म्हणाले, मुलगा गप्प का बसतो? आपल्या पोरांनी ताठ मानेने सांगायला पाहिजे. तुम्ही नवीन पिढीला काय शिकवता? त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. मीही वहीत तसेच लिहिले होते. पण झाले तसे नव्हते, आणि जे झाले नाही ते माझ्याच्याने दाखवता आले नसते. दोन बायका आईपाशी येऊन आपापल्या खोल्यांच्या गोष्टी सांगू लागल्या: एकीची काळेवाडीची, एकीची थेट हडपसरची. त्या बोलणे थांबवीनात, विहाराला कुलूप लावायला उशीर झाला.

जोडीदाराने सिनेमा आपल्या मोबाईलमध्ये घेतला आणि सुट्टीत गावी नेला. घरी दाखवला का, असे मी दोनदा विचारले. तो म्हणतो, आईला दाखवला. ती काय म्हणाली ते अजून सांगितलेले नाही.

फोटो त्याच गुरुवारी संध्याकाळी जागेवर लागले होते. कालनिर्णय आईने काढू दिले नाही. म्हणाली, बाजूला लाव, तारखा बघायला बरं पडतं. दुसऱ्या सिनेमाची वही भाचीने सुरू केली आहे. तिच्या गोष्टीत आजीला खोली मिळते, आणि आजीची अट आहे, की या वेळी तिला चार-पाच तरी वाक्ये पाहिजेत.